मल्चमधील बुरशीवर मशरूम कंपोस्टचा उपाय: दोन हंगामांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय एका साध्या वस्तूविषयी आहे. अळंबीचे पीक काढून झाल्यावर शेडमधून जे जुने कंपोस्ट बाहेर काढले जाते, त्याला पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या भागात सगळे ‘मशरूम सॉइल’ म्हणतात. बहुतेक लोक ते भाजीच्या वाफ्यासाठी खत म्हणून नेतात. मी ते घेतले ते घराच्या भिंतीलगत पसरलेल्या लाकडी मल्चमधील, म्हणजे आच्छादनातील, बुरशीला आवर घालण्यासाठी, कारण त्या बुरशीने आमच्या भिंती, खिडक्या आणि मोटार काळ्या ठिपक्यांनी भरून टाकली होती. २०२३ च्या एप्रिलपासून २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे दोन पूर्ण हंगाम, मी त्याचा परिणाम जवळून पाहिला आहे. पाचपैकी चार तारे मी त्याला मनापासून देते आणि पाचवा का दिला नाही, तेही पुढे सांगते. त्याआधी ज्या सेवांवर आणि उपायांवर आमचे पैसे गेले, त्यांविषयीही लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातील अनेक मराठी कुटुंबे अशाच विनाइल साइडिंगच्या, म्हणजे बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या भिंतींच्या, घरांत राहतात आणि दर वसंतात त्यांच्याही दारात मल्चचा ढीग येऊन पडतो.

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला चेस्टर काउंटीत आम्ही २०१९ मध्ये घर घेतले. घराचे तोंड उत्तरेला आहे आणि दर्शनी भिंतीलगत सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद असा झुडपांचा वाफा आहे. आमच्या वसाहतीच्या गृहसंस्थेचा नियम असा की, दर वर्षी मे महिन्यापूर्वी वाफ्यांवर गडद रंगाचे मल्च पसरलेले दिसले पाहिजे. मल्च म्हणजे आपल्याकडचे शेतकरी ज्याला आच्छादन म्हणतात तेच, फक्त इथे ते पालापाचोळ्याऐवजी दोनदा दळलेल्या लाकडाचे आणि सालीचे असते व पुष्कळदा त्याला काळा किंवा तपकिरी रंग दिलेला असतो. त्याने तण कमी उगवते, जमिनीत ओल टिकते आणि मुळांना उन्हाची झळ लागत नाही, त्यामुळे त्याच्या उपयोगाविषयी माझी काहीच तक्रार नाही. चूक आमच्या करण्यात होती. २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षी आम्ही बागकाम करणाऱ्या एका कंपनीकडून जुन्या थरावरच नवा थर घालून घेतला, आणि दोन ते तीन इंच जाडी पुरेशी असताना आमच्या वाफ्यात सहा इंचांचा ओला, घट्ट बसलेला थर तयार झाला. उत्तरेच्या सावलीत तो कधी पुरता वाळलाच नाही.

२०२२ च्या वसंतात दाराशेजारच्या भिंतीवर डांबराचे बारीक शिंतोडे उडावेत तसे गोल, काळे, किंचित फुगीर ठिपके दिसू लागले. प्रत्येक ठिपका मोहरीच्या दाण्याहून लहान होता. आधी वाटले, रस्त्याच्या कामाचे डांबर उडाले असेल; मग वाटले, एखाद्या किड्याची अंडी असतील. ओल्या फडक्याने पुसून ते गेले नाहीत. नखाने खरवडल्यावर वरचा दाणा निघाला, पण खाली तपकिरी डाग तसाच राहिला. जूनपर्यंत ते ठिपके जमिनीपासून माझ्या डोक्याच्याही वर चढले होते आणि गॅरेजसमोर उभ्या असलेल्या आमच्या पांढऱ्या मोटारीच्या एका बाजूवरही आले होते.

याला इंग्रजीत आर्टिलरी फंगस, म्हणजे तोफ डागणारी बुरशी, असे नाव आहे आणि ते अगदी यथार्थ आहे. तिचे शास्त्रीय नाव स्फेरोबोलस स्टेलॅटस. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘गोळा फेकणारा’ आणि दुसऱ्याचा ‘ताऱ्यासारखा’. कुजणाऱ्या लाकडावर तिची फळे येतात, पण ती इतकी लहान, म्हणजे दोनेक मिलिमीटरची असतात की वाकून, भिंग घेऊन शोधल्याशिवाय दिसत नाहीत. हवा थंड आणि ओलसर असली की नारिंगी-पिवळसर रंगाचा तो बारीक गोळा वरून ताऱ्यासारखा उकलतो आणि आत बीजाणूंनी भरलेला एक काळा मणी दिसतो. मणी ज्या पेल्यात बसलेला असतो, त्याच्या आतल्या अस्तरातील पेशी साठवलेल्या ग्लायकोजेन या पिष्टासारख्या पदार्थाची साखर करतात, त्या साखरेमुळे पाणी आत ओढले जाते, अस्तर ताणत जाते, आणि ताण सहन होईनासा झाला की ते एका क्षणात उलटे फिरून त्या मण्याला बाहेर भिरकावते. एवढ्याशा जिवाने फेकलेला मणी वीस फुटांपर्यंत जाऊ शकतो. हे वाचल्यावर मी एका पहाटे भिंग घेऊन वाफ्याशी बसले, तेव्हा एका सालीच्या तुकड्यावर असे सात-आठ उघडे तारे मला दिसले. इतका त्रास दिलेल्या वस्तूकडे पाहूनही मला तिचे कौतुकच वाटले, हे मोकळेपणाने सांगते.

मणी जिथे आदळतो तिथे असा चिकटतो की डिंकाने चिकटवल्यासारखा बसतो. बुरशी आपला नेम प्रकाशाच्या दिशेने धरते. रानात हा प्रकाश मोकळ्या आकाशाचा असतो. घराच्या सावलीतील वाफ्यात मात्र सर्वांत उजळ वस्तू म्हणजे पांढरी भिंत, खिडकीची काच किंवा फिकट रंगाची मोटार, म्हणून मारा तिकडे होतो. आमच्या डाव्या हाताच्या शेजाऱ्यांचे घर विटांचे आहे. त्यांच्याही वाफ्यात तेच मल्च आहे, पण लाल विटेवर ठिपके डोळ्यांत भरत नाहीत, इतकाच फरक. ही बुरशी माणसाला, जनावराला किंवा जिवंत झाडाला अपाय करत नाही आणि भिंत आतून पोखरतही नाही. नुकसान होते ते दिसण्याचे, आणि घर विकायला काढणाऱ्यासाठी ते लहान नसते.

त्याच उन्हाळ्यात माझे सासू-सासरे सांगली जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. एका पावसाळी सकाळी सासूबाईंनी मला हाक मारून विचारले, “अगं, इथं कुणी पिठलं सांडलं का?” झुडपाच्या बुडाशी खरोखरच ताटभर पिवळेधमक, फेसाळ असे काही तरी पसरले होते. ती फुलिगो सेप्टिका नावाची श्लेष्मबुरशी, म्हणजे स्लाइम मोल्ड, होती. दिसायला ती कितीही घाण वाटली तरी निरुपद्रवी असते, आणि शास्त्राच्या दृष्टीने ती खरी बुरशी नव्हेच. ती मल्चमधील जिवाणू खात हळूहळू सरकते, दोन-तीन दिवसांत वाळते आणि आतून तपकिरी भुकटी सोडते. फावड्याने उचलून पिशवीत घालणे एवढाच उपाय पुरतो. पाण्याचा फवारा मारला तर ती आणखी पसरते. त्याशिवाय चिमुकल्या घरट्यात अंडी ठेवल्यासारखी दिसणारी ‘बर्ड्स नेस्ट’ बुरशी आमच्याकडे होती आणि सप्टेंबरात सडक्या मांसासारखा वास सोडून माश्यांना बोलावणारी, बोटासारखी नारिंगी ‘स्टिंकहॉर्न’ही उगवली. सासूबाई त्या सगळ्यांना सरसकट कुत्र्याच्या छत्र्या म्हणत. यांपैकी एकीसाठीही पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मल्चवर पसरणाऱ्या पांढऱ्या जाळ्याबाबत मात्र थोडी काळजी घ्यावी, कारण ते दाट झाले की मल्चचा पापुद्रा बनतो आणि त्यावरून पाणी ओघळून जाते, मुळांपर्यंत पोहोचत नाही. दाताळ्याने तो थर महिन्यातून एकदा फोडला की काम होते.

सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्यभर उसाची शेती केली आहे. पूर्वी तोडणीनंतर सगळे पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवून दिले जाई. अलीकडे ते आणि त्यांच्या गावातील अनेक जण पाचट एक आड एक सरीत ठेवून, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकून शेतातच कुजवतात. आमचे मल्च उकरून पाहिल्यावर अण्णा म्हणाले, “पाचटाला पांढरी बुरशी धरली म्हणजे ते कुजायला लागलं. आम्ही तर ती यावी म्हणून पाणी देतो. तुमची अडचण बुरशी नाही, भिंत आहे. भिंतीला टेकवून सहा इंच कशाला घालायचं?” पुढे मी जे काही वाचले, विचारले आणि विकत घेतले, त्या सगळ्यात या वाक्यांइतके उपयोगाचे दुसरे काही मिळाले नाही. लाकूड कुजणारच; ते कोण कुजवणार आणि भिंतीपासून किती अंतरावर कुजवणार, एवढेच आपल्या हातात आहे.

ही समज येण्यापूर्वी आम्ही जे केले ते असे. पहिल्यांदा उच्च दाबाच्या पाण्याने घर धुणाऱ्या एका सेवेला बोलावले. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नव्हता. पण ‘सगळे डाग निघतील’ असे फोनवर सांगून त्यांनी ४५० डॉलर घेतले आणि निघाली ती फक्त धूळ, शेवाळ व काही ताजे ठिपके. जुने ठिपके जागचे हलले नाहीत. त्यांनी नळी जवळ धरून दाब वाढवला तेव्हा साइडिंगच्या पट्ट्यांमागे पाणी शिरले आणि खिडकीखाली ओल आली. अशा सेवेला बोलवायचे असेल तर आर्टिलरी फंगसचे ठिपके त्यांनी पूर्वी प्रत्यक्ष काढले आहेत का, असे विचारून भिंतीच्या एका कोपऱ्यात आधी नमुना करून घ्यावा, आणि नमुना पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे ठरवू नयेत.

दुसरा खर्च बुरशीनाशकाचा. बागेच्या दुकानातील विक्रेत्याने एक तांबेयुक्त फवारणी हातात दिली. घरी येऊन लेबल वाचले, तेव्हा त्यावर गुलाब, टोमॅटो आणि द्राक्षांचे रोग होते. या बुरशीचा उल्लेखही नव्हता. अमेरिकेत अशा औषधाचा वापर लेबलावर लिहिल्याप्रमाणेच करणे कायद्याने बंधनकारक असते. पेन स्टेट विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाची माहिती वाचल्यावर कळले की आर्टिलरी फंगससाठी म्हणून मान्यता असलेले बुरशीनाशकच नाही. बाटली परत केली. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा हे घरगुती उपायही करून पाहिले. व्हिनेगरने होस्टा या शोभेच्या झाडांपैकी दोहोंची पाने करपली आणि ठिपके पूर्वीसारखेच येत राहिले. तिसरे, बागकाम कंपनीने ‘वरून नवा थर घाला, जुनी बुरशी झाकली जाईल’ असे सुचवले. यात थोडे तथ्य आहे, कारण ताज्या मल्चवर ही बुरशी लगेच फळत नाही आणि एखादे वर्ष बरे जाते. पण आमच्याकडे तीन वर्षे तेच झाले होते, आणि त्या प्रत्येक थराने खालच्या बुरशीला पुढच्या वर्षाचे अन्न पुरवले होते.

आता मुख्य वस्तूकडे येते. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर केनेट स्क्वेअर हे गाव आहे आणि ते स्वतःला जगाची मशरूम राजधानी म्हणवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील विल्यम स्वेन या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथातील) फुलबागायतदाराला आपल्या हरितगृहातील कार्नेशनच्या मंचांखालची अंधारी जागा रिकामी राहते हे खटकले आणि त्याने तिथे अळंबी लावून पाहिली. त्यातून पुढे सगळ्या परिसराचा हा व्यवसाय उभा राहिला. आज अमेरिकेत पिकणाऱ्या अळंबीचा फार मोठा वाटा एकट्या चेस्टर काउंटीतून येतो. ही अळंबी ज्यावर वाढते ते कंपोस्ट गव्हाचा पेंढा, घोड्यांच्या तबेल्यातील लीद व अंथरूण, कोंबडखत, मक्याची कणसे आणि जिप्सम अशा पदार्थांपासून कुजवून तयार करतात. पीक निघाल्यावर शेडमध्ये वाफ सोडून त्यातील कीड व रोगजंतू मारतात आणि मग ते बाहेर काढतात. अळंबीसाठी ते निकामी झालेले असले तरी बागेसाठी ते उत्तम, तणाच्या बियांपासून जवळजवळ मुक्त असे कुजके खत असते.

पेन स्टेटच्या अभ्यासकांनी हे जुने कंपोस्ट लाकडी मल्चमध्ये वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून पाहिले. मिश्रणात कंपोस्टचा भाग ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर आर्टिलरी फंगस आणि बर्ड्स नेस्ट बुरशी या दोन्ही फार मोठ्या प्रमाणात दबतात, असे त्यांना आढळले. कंपोस्टमध्ये जिवाणू आणि इतर बुरश्यांची इतकी दाट वस्ती असते की तोफवाल्या बुरशीला लाकडावर पाय रोवायला जागाच मिळत नाही, असा त्याचा अर्थ मी लावते. एका बुरशीच्या शेतीतून उरलेले खत दुसऱ्या बुरशीला रोखते, हे अण्णांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही.

मी २०२३ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू केले. प्रथम दर्शनी वाफ्यातील सहा इंचांचा सगळा जुना थर खरवडून काढला आणि घरापासून दूर, कुंपणाजवळच्या झाडांखाली टाकला. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर पुढचे सगळे वाया जाईल, असे मला वाटते. वाफ्याचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट आणि थर तीन इंचांचा, म्हणजे ४० घनफूट, म्हणजे साधारण दीड घनयार्ड मिश्रण लागणार होते. इथे मल्च आणि कंपोस्ट दोन्ही घनयार्डावर विकले जातात आणि एका घनयार्डात २७ घनफूट माल असतो. केनेट स्क्वेअरजवळच्या एका लहान विक्रेत्याकडून एक घनयार्ड मशरूम कंपोस्ट ४० डॉलरना आणि घरपोच आणण्याचे ६० डॉलर असे ठरले. मल्च एक घनयार्ड वेगळे घेतले, तेही रंग न दिलेले, सालीचा भाग जास्त असलेले. शास्त्रीय मोजमापाची साधने घरी नसतात, म्हणून ताडपत्रीवर तीन बादल्या मल्चला दोन बादल्या कंपोस्ट घातले आणि फावड्याने उलटेपालटे केले. त्याने बरोबर ४० टक्क्यांचे प्रमाण साधते. मिश्रण भिंतीपासून सहा इंच आणि झुडपांच्या खोडांपासून तीन-चार इंच दूर ठेवले. खोडाभोवती मल्चचा डोंगर रचण्याची इथली पद्धत झाडाची साल कुजवते, ती कोणीही करू नये.

परिणाम खरोखर मिश्रणाचा आहे का हे कळावे म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूचा पूर्वेकडील लहान वाफा मी मुद्दाम तसाच ठेवला. तेथील जुने मल्च फक्त दाताळ्याने हलवले. दोन्ही भिंतींवर जुने ठिपके होतेच, म्हणून प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या प्लास्टिकचा एक-एक फूट चौरस तुकडा चिकटवला, जेणेकरून नवे ठिपके वेगळे दिसतील. मे अखेरीस पूर्वेच्या तुकड्यावर मोजणे सोडून द्यावे इतके ठिपके होते. दर्शनी भिंतीच्या तुकड्यावर तीन. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थंड, पावसाळी दिवसांत, जेव्हा ही बुरशी दुसऱ्यांदा जोर धरते, तेव्हाही दर्शनी बाजूला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आले. २०२४ च्या एप्रिलमध्ये मिश्रणाचा एक इंचाचा ताजा थर वरून घातला आणि दुसरे वर्षही तसेच गेले. एका घरातील दोन वाफ्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही आणि पूर्वेला सकाळचे ऊन थोडे जास्त असते, हेही मान्य केले पाहिजे. तरीही दोन वर्षांत ज्या भिंतीकडे पाहून मला रोज वाईट वाटे, ती भिंत आता स्वच्छ आहे, आणि गेल्या वसंतात पूर्वेच्या वाफ्यालाही मी तेच मिश्रण घातले.

उणिवा खऱ्या आहेत आणि त्यांसाठीच एक तारा मी राखून ठेवला आहे. पहिली म्हणजे वास. ढीग दारात पडल्यावर आठ-दहा दिवस गोठ्याजवळ उभे असल्यासारखे वाटते. मला तो वास घरचा वाटला, पण शेजारच्या कुटुंबाने त्याच आठवड्यात अंगणात वाढदिवस ठेवला होता आणि मला त्यांची माफी मागावी लागली. आणण्यापूर्वी शेजाऱ्यांना सांगावे आणि ढीग एका दिवसात पसरावा. दुसरी आणि अधिक गंभीर उणीव म्हणजे क्षार. ताज्या मशरूम कंपोस्टमध्ये विद्राव्य क्षारांचे प्रमाण जास्त असते आणि त्याचा सामूही (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) आम्लाकडे नसतो. अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन आणि ब्लूबेरी यांसारख्या आम्लप्रिय, क्षारांना नाजूक झुडपांना ते मानवत नाही. मला हे माहीत असायला हवे होते. दर्शनी वाफ्यातील तीन अझेलियांची पाने जूनमध्ये कडांनी तपकिरी झाली. भरपूर पाणी सोडून दोन वाचल्या, एक गेली. विक्रेत्याकडे मागितले तर वर्षभर उघड्यावर, पावसात मुरलेले कंपोस्ट थोड्या जास्त किमतीला मिळते आणि त्यातील क्षार पुष्कळसे धुऊन गेलेले असतात. दुसऱ्या वर्षी मी तेच घेतले आणि पानांना काहीही झाले नाही. बी पेरायच्या वाफ्यात मात्र तेही थेट घालू नये, जमिनीत मिसळून महिनाभर थांबावे. तिसरी गोष्ट किरकोळ: रंग दिलेल्या मल्चचा एकसारखा काळेपणा याला नसतो, पेंढ्याचे तुकडे दिसतात, आणि ते लाकडापेक्षा लवकर जिरते, म्हणून दर वसंतात भर घालावीच लागते. गृहसंस्थेच्या पाहणीत आमच्या वाफ्यावर हरकत आली नाही. कधी-कधी त्यातून दोन-चार पांढरी बटण अळंबीही उगवतात. ती कितीही बाजारातल्यासारखी दिसली तरी खाऊ नयेत, कारण मल्चमध्ये इतरही छत्र्या उगवतात आणि ओळखण्यात चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते.

मोटार उभी राहते त्या गॅरेजच्या बाजूला मी मिश्रणावर भरवसा ठेवला नाही. तिथे मल्च पूर्ण काढून, खाली कापड अंथरून दोन फूट रुंद गोट्यांची पट्टी केली. लाकूडच नाही तर बुरशीला अन्नच नाही. खर्च एकदाच होतो, पण गोटे जड असतात, त्यांत पाला अडकतो आणि उन्हात तापतात, त्यामुळे झुडपांच्या मुळांशी ते मला पसंत नाहीत. वाचलेल्या अझेलियांभोवती मी पाइनच्या सालीचे मोठे तुकडे घातले आहेत. बारीक दळलेल्या लाकडापेक्षा या मोठ्या सालीवर ही बुरशी खूप कमी वाढते, असे पेन स्टेटच्याच चाचण्यांत दिसले आहे, आणि ती साल आम्लप्रिय झाडांना मानवतेही. उतारावर मात्र मोठ्या पावसात ती वाहून जाते.

भिंतीवर आधी बसलेल्या ठिपक्यांवर कंपोस्टचा काही उपाय चालत नाही, तशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ते काढायला मला दोन उन्हाळ्यांतील कित्येक शनिवार लागले. साबणाच्या कोमट पाण्याने भिंतीचा लहान भाग भिजवून, अर्धा तास ओला ठेवून, प्लास्टिकच्या खरवडणीने एकेक मणी सुटा करायचा आणि खालचा डाग स्पंजासारख्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासायचा. ताजा ठिपका पूर्ण जातो. वर्षभर जुन्याचा फिकट तपकिरी डाग राहतो. जोर लावला तर विनाइलची चकाकी जाऊन तिथे वेगळाच चट्टा उमटतो. खिडकीच्या काचेवर पात्याने खरवडता येते. मोटारीच्या रंगावर पाते अजिबात लावू नये. साइडिंग फार जुने असेल तर कुणा व्यावसायिकाकडूनही डाग पूर्ण निघत नाहीत, आणि तिथे त्या पट्ट्या बदलणे हाच मार्ग उरतो.

ज्यांना हे कंपोस्ट मागवायचे आहे त्यांनी मार्चमध्येच विक्रेत्याला फोन करावा, कारण एप्रिलच्या मध्यानंतर पंधरा-वीस दिवस थांबावे लागते. मागवताना तीन गोष्टी विचाराव्यात: कंपोस्ट ताजे की मुरलेले, वाफ देऊन काढलेले आहे का, आणि आधीच मल्चमध्ये मिसळून मिळते का. मिसळून मिळत असेल तर कंपोस्टचे प्रमाण ४० टक्के आहे ना, हे लेखी घ्यावे. एका ठिकाणी मला २० टक्क्यांचे मिश्रण त्याच नावाने दाखवले गेले होते. न्यू जर्सीत घरपोच भाडे जास्त पडते, तिथे दोन-तीन घरांनी मिळून एक ट्रक मागवणे परवडते. आमच्या वसाहतीतील चार कुटुंबांनी या वसंतासाठी तसेच ठरवले आहे, आणि मुरलेल्या कंपोस्टची सहा घनयार्डांची मागणी मी कालच नोंदवली.